पाकिटावरच्या आक्का

पाकिटावरच्या आक्कांच्या कपाळावरचं कुंकू पाच मिलिमीटर रुंद होतं. निर्मलानं ते फूटपट्टीनं दोनदा मोजलं. मग चेहरा मोजला. हनुवटीपासून केसांपर्यंत चार सेंटिमीटर. शेजारी जाहिरातफलकाचा नमुना पसरलेला होता आणि त्याच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, चेहऱ्याची उंची आठ फूट. तिनं कागदाच्या कोपऱ्यात गणित मांडलं. स्टँडसमोर फलक लागेल तेव्हा आक्कांच्या कपाळावरचं कुंकू एक फूट रुंद असेल. चांगल्या थापलेल्या भाकरीएवढं.

आक्का कुंकू लावत नव्हत्या. मामंजी गेल्याला बावीस वर्षं झाली होती. पहाटे आंघोळ झाली की त्या पूजेला बसत आणि कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढत. संधिवातानं बोटं वाकडी झाल्यापासून मधला पट्टा जरा उजवीकडं चढे. पाकिटावरच्या फोटोतून हे तीनही पट्टे कॉम्प्युटरवर पुसून टाकले होते. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असे, ती उडवून तिथं साज चढवला होता. नाकात नथ आली होती. उजव्या भुवईवरचा जुना व्रण मात्र राहून गेला होता, त्यावरून ओळखायचं की ही बाई म्हणजे आपल्या सासूबाई.

चेहऱ्याखाली तांबड्या रश्श्याचा वाडगा होता आणि वाडग्याखाली ठळक अक्षरं. ‘आक्कांचा खास मटण मसाला. पाच पिढ्यांची चव. कोल्हापूरला येऊन हे नेलं नाही, तर नेलं काय?’

आक्कांनी जन्मात मटण शिजवलं नव्हतं. घर लिंगायताचं. अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलं नव्हतं. आणि आपल्या चेहऱ्याखाली असं काही लिहिलेलं आहे, हे आक्कांना माहीत नव्हतं. तीन वर्षं झाली तरी नव्हतं.

ते कसं, तेही सांगायला हवं. आक्कांचं माहेर निपाणीच्या पलीकडं. शाळा चार यत्ता, तीही कानडी. पंधराव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरात आल्या, त्याला एकसष्ट वर्षं झाली. मराठी अशी बोलायच्या की बाजारातल्या हमालानं दबून राहावं. पण मराठी अक्षर त्यांना लागत नसे. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लाल पाकीट पहिल्यांदा घरात आलं तेव्हा त्यांनी ते नाकाशी धरून पाहिलं होतं.

“ही कोण बाई?”

“मुंबईची नटी हाय, आक्का,” धाकटा मुलगा शिवकुमार म्हणाला होता. मुलंही त्यांना आक्काच म्हणत.

“बरी हाय की दिसायला. आणि कटाची आमटी तर झकास काढलीया. तवंग बघ कसा आलाय.”

शिवकुमार हसला होता. निर्मला तिथंच उभी होती. ती हसली नव्हती, पण बोललीही नव्हती. ते २००१ साल होतं.

निर्मला ह्या घरात थोरली सून म्हणून आली ती केमिस्ट्रीची पदवी घेऊन. एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं उसाच्या रसाची शुद्धता मोजून आली होती. लग्नानंतर मोजण्यासारखं काही उरलं नाही. लक्ष्मीपुरीत दुकान, दुकानामागं खोली, आणि खोलीत आक्का कांदा-लसणाचं तिखट करायच्या ते सगळं मुठीच्या हिशेबानं. बेडगी मिरची इतक्या मुठी, संकेश्वरी इतक्या, धने ओंजळभर, तीळ हात सांगेल तेवढे. पुढं बोटं वळेनाशी झाली. मूठ लहान होत गेली आणि तिखट दर खेपेला वेगळं लागू लागलं. उचगावची तानाबाई, तीस वर्षांचं गिऱ्हाईक, एकदा दुकानात उभ्याउभ्याच म्हणाली, “आक्का, औंदा तुमचं तिखट आजारी हाय.”

तेव्हा निर्मलानं माळ्यावरून तराजू काढला. आक्कांना समोर बसवलं. ती परातीत मिरची घाली, आक्का बघत. “अजून. अजून जरा. बास की गं.” तिथं थांबून वजन घ्यायचं. प्रत्येक जिन्नस दहा वेळा. सरासरी काढायची, वहीत लिहायची. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी तानाबाईनं चिमूटभर जिभेवर ठेवून मान हलवली आणि आक्का म्हणाल्या, “माझा हात तू वहीत घातलास बघ, निम्मव्वा.”

एवढं मोठं प्रशस्तिपत्र निर्मलाला विद्यापीठानंही दिलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक खेप तीच मोजून देई. वही तिच्याच कपाटात असे. मिरची कांडायला उचगावच्या यंत्रावर जाई, पण मिश्रण तिच्या हातचं.

हे तिखट हिरव्या पाकिटात भरत. त्यावर नुसतं ‘घरगुती कांदा-लसूण तिखट’ असं छापलेलं. ते कुणी आमटीत घालावं, कुणी भाकरीवर तेल टाकून खावं. तानाबाई त्यात मटण करायची आणि आक्कांना येऊन सांगायचीही. आक्कांना त्याचं काही नव्हतं. “तुझ्या चुलीवर काय शिजतंय ते तुझ्या जिभेनं बघायचं,” त्या म्हणत, “माझं काम मिरचीपुरतं.” मटण खाणाऱ्याला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. आणि स्वतःबद्दल कधी खोटं सांगितलं नाही.

मग पर्यटक आले. म्हणजे ते पूर्वीही येत होते, अंबाबाईला, जोतिबाला. जाताना गुळाची ढेप आणि चपला नेत होते. पण आता एका सहल कंपनीनं त्यांना बसमध्ये घालून शहर दाखवायचं ठरवलं. ‘कोल्हापुरात काय घ्याल?’ अशी रंगीत पुस्तिका काढली. चपला एक पान, साज एक पान, गूळ एक पान आणि तिखट एक पान. बसनं दर शनिवार-रविवारी ह्या चार पानांवर थांबायचं, प्रत्येक पानाला वीस मिनिटं. तिखटाचं पान शिवकुमारनं मिळवलं. कंपनीचा माणूस ऋतुराज, पुण्यात जाहिरातीचं शिकून आलेला, हिरवं पाकीट उलटसुलट करून म्हणाला, “घरगुती म्हटलं की लोक घेत नाहीत हो. घरगुती त्यांच्याकडं घरी असतं. पाहुण्याला कोल्हापूर म्हटलं की मटण दिसलं पाहिजे. आणि एखादी आजी.”

आजी घरात होतीच.

माल तोच राहिला. निर्मलानं मोजलेल्या एकाच ढिगातून अर्धं हिरव्या पाकिटात जाई, अर्धं लाल. घरात त्याला सगळे ‘लाल पाकीट’ म्हणत. आक्कांच्या कानावर पडेल अशा जागी मटण हा शब्द कुणी उच्चारत नसे. असं करा म्हणून कुणी कुणाला बजावलं नव्हतं. चपला दाराबाहेर काढाव्यात इतक्या सहजपणे ते घराच्या वळणात बसलं. ह्याच गोष्टीचा निर्मलाला सगळ्यात राग येई, आणि रागाच्या त्या यादीत तिचं स्वतःचं नावही होतं. सांगायचं, सांगायचं असं तिनं तीनदा ठरवलं होतं. पहिल्यांदा वाटलं, खपलं नाही तर आपोआप बंद होईल. ते खपलं. मग शिवकुमारच्या मुलीचं, सुष्मिताचं, लग्न निघालं, त्यात तंटा नको. मग आक्कांना टायफॉइड झाला. कारण दरवेळी खरं होतं. म्हणूनच ते वापरायला सोपं होतं.

शनिवारी अकरा वाजता बस आली. दुकानाच्या पायरीवर कृष्णात उभा होता. काउंटरचा माणूस, उचगावचा, आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला पुढं वाकून ऐकावं लागे. पुस्तिकेत लिहिलं होतं की कोल्हापूरकर रांगडा असतो आणि पाहुण्यांना मोठ्यानं हाक मारतो. म्हणून कंपनीनं त्याला एक तयार फेटा आणि चिकटवायच्या मिशा दिल्या होत्या. मिशा त्यानं पहिल्याच दिवशी हरवल्या. फेटा राहिला.

“या पावणं, या,” कृष्णात म्हणाला. मे महिन्याचं ऊन होतं. निर्मलाकडं वळून तो पुटपुटला, “वहिनी, ह्या फेट्याखाली डोस्कं शिजाय लागलंय. थोडं मीठ टाकलं तर चालंल बघा.”

पायरीशेजारी मांडवाखाली उखळ ठेवलेलं होतं आणि उखळाशी आक्का. आठ दिवसांतून दोनदा त्या इथं बसत. लोकांना तिखट कसं करतात ते शिकायचं आहे, असं शिवकुमारनं त्यांना सांगितलेलं. आक्कांना ते पटलं होतं, कारण शिकायला कुणी आलं तर शिकवावं असा त्यांचा स्वभाव. उखळात मूठभर मिरच्या टाकलेल्या असत. त्यांचं पुढं काही होत नसे. फोटो झाले की कृष्णात त्या गोळा करी, पुढच्या बसला पुन्हा टाकी.

बसमधून तीसेक माणसं उतरली. त्यांनी आक्कांचे फोटो काढले. एक मध्यमवयीन बाई, टोपी घातलेली, आक्कांजवळ येऊन बसली. तिनं तोंडानं काही न बोलता हात जोडले, मग बोटांनी घास खाल्ल्यासारखं केलं, मग अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘छान’ अशी खूण केली. आक्कांनी मुसळ बाजूला टेकवलं.

“बस की गं. चहा घेणार?”

बाई दचकली. मग आणखी मोठे हातवारे करत हसली आणि मैत्रिणींच्या मागोमाग आत गेली. आतून प्रत्येकजण दोन-तीन लाल पाकिटं घेऊन बाहेर पडला. बरोबर वीस मिनिटांनी बस गेली.

“निम्मव्वा,” आक्का म्हणाल्या, “ही लोकं मला हातवारे का करत्यात गं? मागल्या खेपेलाबी तसंच. मी भैरी वाटतो व्हय?”

“माहीत नाही, आक्का.”

हे तिनं खरं सांगितलं होतं. पण कारण शोधल्याशिवाय सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुपारी तिनं कृष्णातला गाठलं. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्या घड्या सारख्या करू लागला.

“वहिनी, तुमास्नी ठाव असंल असं वाटलं मला.”

“काय ठाऊक असेल?”

“गाडीत माइकवर सांगत्यात. म्हातारी ठार भैरी हाय. काय इचारू नका, निस्ता फोटो काढा. माझा भाचा तिथं क्लीनर हाय, त्यानं सांगितलं. कुणी तिच्यासमोर मटणाचं काढू नये म्हणून. शिवकुमारदादांनीच सांगितलंय त्यास्नी.”

निर्मला मागच्या खोलीत जाऊन बसली. तराजूची पारडी रिकामी होती तरी डावं जरा खाली होतं. तिनं ते उगाच पुसलं. शहात्तर वर्षांची बाई, जिला गल्लीच्या टोकाला फुटलेला नारळ ऐकू येतो, तिला तीस अनोळखी माणसांसमोर बहिरी ठरवली होती. का, तर ती बोलली असती म्हणून. आधी कपाळ पुसलं, मग गळा, आता कान. हे शहर पाहुण्यांना दाखवायचं तर असं दाखवायचं? कृष्णातला मिशा, आक्कांना नथ. जो हळू बोलतो त्यानं ओरडायचं आणि जिला बोलायचं आहे तिनं गप्प बसायचं. आणि पाहुणे बिचारे काय वाईट होते? ती टोपीवाली बाई तर चहा प्यायला बसली असती. कशा आहात म्हणाली असती. तिलाही फसवलंच होतं.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा शिवकुमारनं फलकाची बातमी काढली. आक्का आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या.

“स्टँडसमोरची जागा मिळाली, वहिनी. पुढच्या महिन्यात लागतोय. आणि गुरुवारी शूटिंग. बसमध्ये टीव्ही बसवणार हाईत, त्यावर आपली आक्का दिसंल. एकच वाक्य म्हणायचंय.”

“कुठलं?”

“‘तांबडा रस्सा खायचा, तर माझ्या हातचा.’ बास. त्यात मटण शब्द हाय का? न्हाय. आमटीचापण रस्साच असतो की. खोटं कुठं हाय त्यात?”

“श्रावणात आक्का माहेरी जायला स्टँडवरनंच एसटी धरतात,” निर्मला म्हणाली. “पाकीट त्यांना दिसत नाही. आठ फुटांचा चेहरा दिसेल.”

“दिसला तर दिसला. नटी हाय म्हणायचं.”

“भुवईवरचा व्रण?”

शिवकुमारनं भाकरीचा तुकडा मोडला. “वहिनी, तुम्ही लई बारीक बघता. लोक एवढं बघत न्हाईत.”

“आणि बहिरी आहे म्हणून कुणी सांगायला सांगितलं?”

तो जरा गोंधळला. मग आवाज चढवून बोलू लागला. चपलावाल्यांनी काय केलं, साजवाल्यांनी काय केलं ते बघा म्हणाला. बाहेरच्या माणसाला जे कोल्हापूर पाहिजे ते दिलं नाही तर तो सांगलीला जाईल, तिथं हळद घेईल. आक्काला काही त्रास आहे का? सावलीत बसते, चार माणसं बघायला येतात. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय लागतं?

निर्मलानं नवऱ्याकडं पाहिलं. शिवमूर्ती गल्ल्यावर बसून बसून गोल झालेला सज्जन माणूस होता. भांडण सुरू झालं की तो ताटातलं मीठ एका बाजूला सारी. आत्ताही सारत होता.

“बघू की,” तो म्हणाला. “फलकाचं काम कधी वेळेवर होतं व्हय? लांबंल. तवर आक्काचं डोळ्याचं ऑपरेशनपण होईल, मग निवांत सांगू.”

“ऑपरेशन झाल्यावर पाकीटही दिसेल,” निर्मला म्हणाली.

शिवकुमारनं ताक मागितलं. तिनं वाढलं.

बुधवारी संध्याकाळी ती आक्कांच्या खोलीत गेली. आक्का खाटेवर बसून इष्टलिंगाच्या डबीचा दोरा बदलत होत्या. बोटांना गाठ बसत नव्हती. निर्मलानं ती बांधून दिली.

“उद्या मला काय म्हणायचंय गं? शिवकुमारनं सांगितलं, पण त्याच्या बोलण्यात घाई फार.”

तेव्हा सांगता आलं असतं. वाक्य तिच्या मनात अगदी तयार होतं, शब्द मोजलेले होते. पण आक्कांनी नवा दोरा गळ्यात अडकवला, डबी तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. पूजेच्या मध्ये बोलू नये म्हणून निर्मला उठली. दाराबाहेर येऊन उभी राहिली तेव्हा तिला समजलं, की हे चौथं कारण होतं. तेही खरंच होतं.

गुरुवारी दहाला ऋतुराज आला. बरोबर कॅमेरावाला, एक दिवा धरणारा आणि मेकअप करणारी मुलगी. उखळ धुऊन ठेवलं होतं. मागं लाल पाकिटांची भिंत रचली होती. कृष्णात फेटा घालून कडेला उभा होता. शिवमूर्ती गल्ल्यावर होता, पण आज त्याच्यापुढं मीठ नव्हतं, म्हणून तो सुट्ट्या नोटांची टोकं सरळ करत बसला होता.

आक्का इस्त्रीचं इरकल नेसून आल्या. मुसळ हातात घेऊन ताठ बसल्या. कॅमेरावाल्यानं डोळा लावून पाहिलं, मान वाकडी केली, पुन्हा पाहिलं.

“ऋतुराज, जरा बघ. आजी साऊथच्या वाटतात.”

ऋतुराजनं वाकून पाहिलं. “कपाळामुळं. ते पांढरं काढूया. आणि गळ्यातलं आत घाला. साज आणलाय ना आपण?”

मुलीनं डब्यातून साज काढला, नथ काढली, कुंकवाचा करंडा काढला. कापसाचा बोळा पाण्यात बुडवला आणि आक्कांच्या समोर गुडघ्यावर बसली. “आजी, जरा डोळे मिटा हं.”

आक्कांनी डोळे मिटले नाहीत. “का गं?”

“कपाळ पुसते.”

“का पुसायचं?”

मुलीनं ऋतुराजकडं पाहिलं. ऋतुराज मोकळेपणानं हसला. तो स्वभावानं वाईट नव्हता. “आजी, पाहुणे बघणार ना हे. कोल्हापूरची बाई दिसली पाहिजे.”

आक्का त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळल्या.

“मग मी कुठली दिसतो?” त्यांनी विचारलं.

दिवा धरणाऱ्यानं दिवा खाली केला.

“एकसष्ट वर्षं झाली मला ह्या पेठेत,” आक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “ह्याच्या आज्याच्या वयाच्या माणसाला मी इथं मिरची इकली. त्यानं कधी इचारलं न्हाई, आक्का तू कुठली दिसतीस म्हणून.”

“आक्का, दोन मिंटाचं काम हाय,” शिवकुमार मध्ये आला. “झालं की परत लाव विभूती. कोण न्हाई म्हणतंय? तू गं, पूस तू.”

मुलीचा हात पुढं आला. बोळ्यातून पाण्याचा एक थेंब आक्कांच्या भुवईवर पडला, व्रणाच्या कडेनं ओघळला. निर्मला आतल्या दाराशी उभी होती. ती पुढं कधी आली ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं, पण त्या मुलीचं मनगट तिच्या हातात होतं. तिनं ते जोरात धरलं नव्हतं. मुलीनं बोळा खाली ठेवला.

“वहिनी,” शिवकुमार म्हणाला.

“निम्मव्वा?” आक्कांनी तोंड वळवलं. “काय चाललंय हे? मला धड कुणी सांगना. तू शिकलेली हाईस, तू सांग.”

निर्मलानं मागच्या भिंतीतून एक लाल पाकीट ओढून काढलं. वरची दोन-तीन खाली पडली, ती कृष्णातनं उचलली आणि परत लावायच्या ऐवजी हातातच धरून ठेवली.

“आक्का, ह्याच्यावर फोटो आहे तो नटीचा नाही. तुमचा आहे. विभूती पुसून कुंकू लावलंय. खाली लिहिलंय ते वाचते.” तिनं वाचलं. सावकाश, जशी ती वहीतली वजनं वाचून दाखवी तशी. आक्कांचा. खास. मटण मसाला. पाच पिढ्यांची चव. “तुम्ही आमटी म्हणालात तो मटणाचा रस्सा आहे. बसमध्ये लोकांना सांगतात की तुम्ही बहिऱ्या आहात, म्हणजे तुमच्यासमोर कुणी मटणाचं काढणार नाही. तीन वर्षं झाली. घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.”

गल्ल्यावर शिवमूर्तीचा हात थांबला. रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

आक्कांनी हात पुढं केला. निर्मलानं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं नाही. नुसतं तळहातावर ठेवून वजन बघितल्यासारखं वरखाली केलं. मग दुसऱ्या हातानं भुवईवरचा थेंब टिपला, आणि विभूती शाबूत आहे का ते बोटानं चाचपलं.

“आत काय हाय ह्याच्या?”

“तुमचंच तिखट. हिरव्यातलं.”

“हिरव्यातलंच?”

“तेच. त्याच वहीतलं.”

“मोजतं कोण?”

“मी.”

आक्कांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर निर्मलाला सोपं गेलं असतं. “म्हंजी माझा हात तूच घातलास ह्यात,” त्या म्हणाल्या.

“होय.”

“वहिनी, पुरे झालं आता,” शिवकुमार म्हणाला. त्याचा चेहरा घामानं डबडबला होता. “चार माणसांत तमाशा नको. शनिवारला दोन बस हाईत, दोनशे पाकिटं लागणार, खेप अजून मोजायची हाय. घरातलं घरात बोलू. तुम्ही आत जावा आणि मिश्रण लावा.”

निर्मलानं त्याच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. शिवमूर्ती ‘बघू की’ म्हणायला तोंड उघडत होता. त्यानं ते म्हणायच्या आत तिनं कमरेची, वहीच्या कपाटाची किल्ली काढली आणि आक्कांच्या ओच्यात ठेवली. आवाज तिचा नेहमीचाच होता.

“हिरव्याचं मोजीन,” ती म्हणाली. “लालचं आजपासून मोजणार नाही.”